खुर्चीवरचा टॉवेल

एप्रिल लागला की आमच्या मोहल्ल्यात गाल दिसू लागतात. एरवी ते दिसत नाहीत. कोणी सेंटरिंगच्या कामावर असतो, कोणी तुरीच्या कुटाराच्या भुशात, कोणी आर्णीच्या जिनिंगमध्ये. दाढीची खुंटं वाढत राहतात आणि त्यांच्यावर ज्याच्या त्याच्या कामाचा रंग बसतो. सिमेंटवाल्याची राखाडी, जिनिंगवाल्याची पांढरी. पण जयंतीच्या आदल्या दिवशी कडुलिंबाचा बारीक फुलोरा अंगणात पडत असतो आणि त्या झाडाखाली एकेक चेहरा साबणातून वर येतो. आमच्या प्रत्येक घरात एक फोटो आहे. त्यात कोट आहे, टाय आहे, चष्मा आहे, आणि दाढी गुळगुळीत केलेली आहे. त्या फोटोसमोर जयंतीला खुंटं घेऊन उभं राहायचं नाही, हा मोहल्ल्याचा नियम. कुठे लिहिलेला नाही. लिहिलेल्या नियमांचं गावात काय होतं ते मी पाहिलं आहे, म्हणून या न लिहिलेल्यावर माझा जास्त भरवसा.

यंदाही फुलोरा पडायला लागला आणि मला मागचा एप्रिल ऐकू आला. ऐकूच आला. साबणाचा फेस वाळतो तेव्हा त्याला आवाज असतो. बारीक, चुरचुर. पंखा असेल तर तो दबून जातो. मागच्या एप्रिलमध्ये नितीनच्या दुकानातला पंखा बंद होता.

टीव्हीवर एक माणूस रोज गालावरून हात फिरवतो. मागे पांढरंशुभ्र बाथरूम, पुढे चार पात्यांचा रेझर. मग एक बाई येते आणि त्याच गालावरून हात फिरवते. आरामाची दाढी, म्हणे. मला त्या माणसाला एकच विचारायचं आहे. बाबा रे, तुझ्या गावातल्या न्हाव्याने तुला कधी पाहून न पाहिल्यासारखं केलं आहे का? नसेल केलं तर आराम काय असतो हे तू मला शिकवू नको.

पुसदच्या एका शिबिरात एका प्राध्यापकांनी मला समजावलं, "अरे, आता रेझर किती स्वस्त झालेत. ट्रिमर घे. न्हाव्याकडे जायचंच कशाला?" म्हणजे प्रत्येक अपमानावर दुकानात एक वस्तू मिळते, ती आणा आणि गप्प बसा. मी म्हटलं, "सर, तुम्ही कटिंग कोठी करता?"

"आमच्या कॉलनीत."

"मंग काहून जाता? कैची तं तुमच्याही घरी असन."

त्या दिवशी शिबिरात चहाची सुट्टी वेळेआधी झाली.

मी पत्रकं लिहितो. मोर्चाची, सभेची, निषेधाची. पत्रकात वाक्य छोटं लागतं आणि शत्रू मोठा लागतो. पण या एका गोष्टीवर मला कधी धड पत्रक लिहिता आलं नाही, कारण आमच्या गावच्या दुकानात नकार कोणी तोंडाने देत नाही. टॉवेल देतो. सांगतो कसा.

दुकानात एक खुर्ची. आमच्या मोहल्ल्यातला माणूस दारात दिसला की खिळ्यावरचा टॉवेल निघतो आणि खुर्चीच्या हातावर पडतो. बस. त्याचा अर्थ, नंबर लागलेला आहे. कोणाचा, ते विचारायचं नाही. दुकान रिकामं, बाक रिकामा, खुर्ची रिकामी, आणि तरी नंबर लागलेला. माणूस थोडा वेळ उभा राहतो, रस्त्याकडे पाहतो, जणू दुसऱ्याच कामाला आला होता, आणि निघून जातो. तो गेला की टॉवेल पुन्हा खिळ्यावर.

मी दहावीत होतो, ओठावर काळं दिसायला लागलं होतं. नितीन माझ्याच बाकावर बसायचा. एकाच डब्यातली आंब्याची फोड आम्ही दोघांनी चोखली आहे. दुकान तेव्हा त्याच्या वडिलांचं होतं. मी नितीनसोबत हसत हसत आत शिरलो आणि त्याच्या वडिलांनी टॉवेल टाकला. शिवी नाही, ओरडणं नाही, उलट मला विचारलं, "पेपर कसे गेले रे?" नितीन खाली पाहत राहिला. मी घरी आलो. त्या दिवसापासून मी दाढीला पातं लावलं नाही. जयंतीलाही नाही; मोहल्ल्याने तेवढी सूट मला दिली.

आता सांगा, पोलीस ठाण्यात काय सांगू? कायदा आहे, कलमं आहेत, मीच ती पत्रकात छापतो. ठाणेदार विचारणार, काय बोलला तो तुला? काही नाही बोलला साहेब, टॉवेल ठेवला. आणि गावात विचारलं तर उत्तर त्या टीव्हीवाल्याच्या गालासारखं गुळगुळीत: "आपल्या गावात तसं काही नाही बाप्पा." हात फिरवून पाहा, कुठे खुंट लागतं का!

माझी माय मात्र माझ्यावर हसायची. "ज्याले दाढी करायची नाही तो दाढीसाठी भांडून राह्यला. पाह्य व माय, जंगल वाढवलं तोंडावर आन् म्हंते खुर्ची पाहिजे!"

मोहल्ल्याला खुर्चीची गरज पडत नव्हती, कारण आमच्याकडे माझे बाबा होते. बाबा गवंडी. त्यांचा प्लास्टरचा हात आमच्या सर्कलमध्ये माहीत आहे. भिंतीवर बल्ब तिरपा धरला तरी सावली पडत नाही, असा. रविवारी तोच हात कडुलिंबाखाली वस्तरा धरायचा. समोर पोत्यावर माणूस उकिडवा. बाबा त्याच्या गालावर पाणी मारत राहायचे, मारतच राहायचे, माणूस कंटाळून म्हणायचा, "देविदास, आता दाढी करतं का आंघोळ घालतं?"

"भित असो का गाल असो," बाबा म्हणायचे, "पहिले पानी पिऊ द्या लागते. कोरड्यावर फिरवलं की उकलते."

त्यांची एक रीत होती. ज्याची दाढी, त्यानेच आपल्या बोटांनी आपला गाल ताणून धरायचा. "तुहं कातडं तू सांभाळ, मी पातं सांभाळतो." त्यामुळे आमच्या मोहल्ल्यातला कोणताही पुरुष आजही आर्णीच्या सलूनमध्ये बसला की नकळत हात गालाकडे नेतो आणि तिथला पोरगा म्हणतो, "हात खाली, भाऊ." आमची ओळख अशी पटते. गालावरच्या बोटांवरून.

मग मागच्या वर्षी माघाच्या थंडीत बाबांना लकवा मारून गेला. उजवा हात आणि उजवा गाल, दोन्ही एकदम ढिले पडले. डाव्या हाताने ते जेवायला शिकले, पण वस्तरा धरायला नाही. दाढी वाढली. मी बाजारातून तो चार पात्यांचा रेझर आणला, गरम पाणी घेतलं, माझ्या परीने सगळं केलं. पण ढिल्या कातडीत पातं शिरतं कसं ते टीव्हीत दाखवत नाहीत. जबड्याखाली कापलं. बाबांना शुगर. ती एवढीशी चीर भरून यायला अख्खा फाल्गुन गेला, मध्ये पू झाला, ताप आला. आर्णीच्या डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहून सांगितलं, "आता यांना पुन्हा कापता कामा नये. दाढी करायचीच तर जाणत्या हातानं."

बाबांनी त्यानंतर कोणालाच हात लावू दिला नाही. मोहल्ल्यातल्या दोघातिघांनी विचारलं, पण ज्यांना बाबांनीच आयुष्यभर भादरलं त्यांना कुठून येणार हात? दाढी पांढरी, ओबडधोबड वाढत गेली. उन्हं तापली. घामाने तिच्या आत पुरळ उठलं. बाबा डाव्या हाताच्या पालथ्या बाजूने गाल घासत बसायचे. आणि एक दिवस जयंतीच्या मीटिंगमध्ये म्हणाले, "झेंडा यंदा दुसऱ्यानं लावा."

झेंड्याचा चबुतरा बाबांनी बांधलेला. मला कळतं तेव्हापासून झेंडा बाबाच लावत आले.

"काहून?" मी विचारलं.

"असं तोंड घेऊन त्या फोटोपुढं नाही जात मी."

घरी आल्यावर त्यांनी सरळ सांगितलं, "जयंतीच्या आंधी आर्णीले घेऊन चाल. तिथं कोनी नाव इचारत नाही."

"गावात दुकान हाय," मी म्हणालो. "गाडीवरून दोन मिनटांचं. नितीन पुण्यात शिकून आला. आर्णीत जे हात हायत त्याच्यापेक्षा बरा हात हाय त्याचा."

"मले दाढी करायची हाय बे. आंदोलन नाही."

"आर्णीले जाणं म्हंजे त्याईचं म्हणणं मान्य करणं होय."

"पोट्ट्या, गाल माहा हाय. पत्रक नोको बनवू त्याचं."

मी वाद तिथेच सोडला. पटलं म्हणून नाही, माय मध्ये आली म्हणून. माझं आजही म्हणणं तेच आहे. बसच्या तिकिटाने जो सुटतो तो प्रश्न सुटत नाही, फक्त गावाबाहेर नेऊन टाकला जातो.

पण जयंतीच्या आदल्या दिवशी सकाळी बाबा स्वतःच अंघोळ करून, पांढरा सदरा घालून ओट्यावर बसले होते. म्हणाले, "गाडी काढ. नितीनकडं."

"नितीनकडं?" मी विचारलं.

"ते दुकान कोनं बांधलं?" बाबांनी विचारलं.

दुकानाचा गाळा दादारावांचा. दादाराव म्हणजे गावातला मोठा माणूस. शेती आहे, कृषी केंद्र आहे, बसथांब्यावरचे सगळे गाळे आहेत. आणि ते गाळे बांधले होते माझ्या बाबांनी.

"आतल्या भितीचा गिलावा माहा हाय," बाबा म्हणाले. "खुर्चीच्या मांगची भित तं अशी घोटली का आरसा लावायची गरज नाही. भितीले माहा हात चालला. त्याच्या हाताले माहा गाल काहून नाही चालत, हे मले बसून पाह्यचं हाय." मग माझ्याकडे बोट केलं. "बोलन मी. तू फक्त उभा राह्य. आन् तो मोबाइल खिशातच ठेव."

मी तरी तयारी करून घेतली. नवं ब्लेडचं पाकीट, नवा ब्रश, साबण, घरचा टॉवेल, पाण्याची बाटली. प्रत्येक बहाण्याला एक उत्तर, पिशवीत भरून.

बसथांब्यावर ऊन पांढरं पडलं होतं. लाइट गेलेली. दुकानाच्या बाकावर दादाराव पेपर वाचत बसलेले. रोज सकाळी ते तिथे पेपर वाचतात, दाढी असो नसो. नितीनने आम्हाला आधी आरशात पाहिलं. त्याचा हात खिळ्याकडे गेला. त्याने ठरवून नेला नाही, हे मी शपथेवर सांगतो. तो हात आपोआप गेला, जसा आमच्या माणसांचा हात गालाकडे जातो. वडिलांनी शिकवलेलं असं अंगात मुरलेलं असतं.

बाबा पाय ओढत चालतात, पण त्या दिवशी टॉवेलच्या आधी पोचले. टॉवेल खिळ्यावरून निघेपर्यंत बाबा खुर्चीत बसलेले होते. नितीन टॉवेल हातात घेऊन तसाच उभा.

"बरं केलं काढला तो," बाबा म्हणाले. "बांध गळ्याले."

पेपरचं पान उलटायचं थांबलं.

मी पटकन पिशवी उघडली. ब्रश काढला, साबण काढला. "नितीन, हे घे, नवं हाय सगळं..."

"ठेव ते," बाबा आरशातून म्हणाले. "दुकानात आलो तं दुकानातल्या सामानानं. घरच्या सामानानं करायची तं घरीच नसतो बसलो?"

हे मला सुचलं नव्हतं. इतकी पत्रकं लिहून सुचलं नव्हतं. मी पिशवी बंद केली.

नितीन हळू बोलला, "काका, तुमाले शुगर हाय म्हंते. कट लागला तं?"

"म्हनून तं तुह्याकडं आलो. या वाघानं तं सोलूनच ठेवलं होतं मले."

नितीनच्या तोंडावर हसू आलं आणि तिथेच मेलं. त्याने टॉवेल बांधला. वाटीत पाणी घेतलं. दुकानातला ब्रश, दुकानातली वाटी, दुकानातला साबण. दाढी भिजवताना त्याने घाई केली नाही. ब्रश गोल गोल फिरला आणि बाबांचा चेहरा पांढऱ्या फेसात गेला. उघडे राहिले फक्त डोळे. बाबांचा डावा हात वर आला आणि ढिला गाल ताणून धरून बसला.

"हात खाली घ्या काका. मी धरतो."

"सवय हाय."

"घ्या खाली. माहं काम हाय ते."

बाबांनी हात खाली घेतला. नितीनने ब्लेड मोडलं, अर्धं वस्तऱ्यात बसवलं. डाव्या हाताचं बोट बाबांच्या कानाजवळ ठेवलं. आणि तेव्हा दादाराव बोलले. आवाज चढला नाही. त्यांचा कधीच चढत नाही.

"नितीन, माहा नंबर होता नं?"

नितीनचा हात थांबला.

"नाही, होऊ दे देविदासचं," दादाराव म्हणाले. "मी फक्त इचारून राह्यलो. का उद्यापासून इथं कोनी बसायचं, कोनी नाही, ते मले समजलं पाहिजे. गाळा माहा हाय म्हून इचारतो. दुसरं काही नाही. आपल्या गावात तसं काही नसते."

मी दारात उभा होतो. तोंडात इतके शब्द आले की दात दुखले. बाबांनी आरशात माझ्याकडे पाहिलं, नुसतं पाहिलं, आणि मी ते शब्द गिळले. रस्त्यावरून एक बस गेली. धूळ आत आली. नितीन वस्तरा हातात धरून उभा, नजर खाली, दहावीत होती तशीच. पत्रकात मी दोन रकाने करतो: जुलूम करणारे आणि सोसणारे. या माणसाला कोणत्या रकान्यात लिहू? गावात त्याच्या समाजाचं एकच घर. गाळा दुसऱ्याचा. पोट गावाच्या गालांवर. आणि त्याच्या बोटाखाली माझ्या बापाचं कानशील.

तेव्हा मला तो आवाज आला. फेस वाळत होता. कडेकडेने आधी, कानाजवळ, मग हनुवटीवर. पांढरं होतं ते चुन्यासारखं झालं, त्याला बारीक भेगा पडल्या, चुरचुर चुरचुर. फेसाखाली बाबांच्या पुरळाला काय होत असेल ते मला माहीत होतं. ते हलले नाहीत. मान ताठ, डोकं मागच्या उशीला टेकलेलं नाही, डावी मूठ खुर्चीच्या हातावर. उठतील असं वाटलं. आमची माणसं अशा वेळी उठतात. टॉवेलने तोंड पुसतात आणि दुसऱ्याच कामाला आल्यासारखं रस्त्याकडे पाहत निघून जातात.

"नितीन," बाबा म्हणाले.

"हो, काका."

"फेस वाळला. पुन्हा लाव."

बस एवढंच. कामावर मजुराला सांगावं तसं. गिलावा सुकला, पाणी मार. त्यात विनंती नव्हती आणि धमकीही नव्हती.

नितीनने वस्तरा खाली ठेवला. मग त्याने ब्रश पाण्यात बुडवला.

दुसऱ्यांदा फेस लावताना त्याचे ओठ घट्ट मिटलेले होते. पहिला हात कानापासून खाली आला आणि खरखर ऐकू आली. हात थरथरत होता, मला दिसत होतं, आणि तो हात आता गळ्याशी येणार होता. ज्याच्यावर राग धरून मी दाढी वाढवली, त्याच्या थरथरत्या पात्याखाली माझ्या बापाचा गळा. एक चीर, आणि पुन्हा तो पू, तो ताप. मी उंबरठा पायाने दाबून धरला. पण पातं जसं पुढे सरकलं तसा नितीनचा हात निवत गेला. ढिल्या बाजूला तो थांबला, बोटांनी कातडी वर ओढली, जबड्याखालच्या भोवऱ्यात केस ज्या अंगाने जातात त्या अंगाने वळला, पुन्हा ओलं केलं, पुन्हा वळला. माझ्या जुन्या चिरेच्या अलीकडे पातं उचललं, पलीकडे टेकवलं. त्या वेळी त्याला दादाराव दिसत नव्हते. मीही दिसत नव्हतो. फक्त गाल होता.

तुरटी फिरवली. कुठेही लाल नाही.

दादारावांनी पेपरची घडी केली. "बरं हाय," ते म्हणाले. "आमी आर्णीले करून घेऊ."

दुसऱ्या दिवशी बाबांनी डाव्या हाताने झेंडा लावला. दोर ओढताना मी मागून आधार द्यायला गेलो तर कोपराने ढकललं मला. उन्हात त्यांचा गाल चकाकत होता, घोटलेल्या भिंतीसारखा, बाजूच्या एका चिरेसकट. नितीन आला नव्हता. मी त्याचं नाव घालून पत्रक लिहायला घेतलं: गावाने आदर्श घ्यावा वगैरे. त्याला वाचून दाखवलं.

"फाड ते," तो म्हणाला. "माहं नाव टाकू नोको. तू छापून मोकळा होतं. मले इथं राह्यचं हाय."

"भेलास काय?"

"होय, भेलो. मंग? भेऊनच केली नं दाढी? न भेता करायची तं तुही दाढी तू काहून नाही करून घेतली?"

पावसाळा लागायच्या आत दादारावांना गाळा हवा झाला. खताच्या पोत्यांसाठी, म्हणाले. भांडण नाही, शिवी नाही. नितीनने खुर्ची उचलली. त्या दिवशी तो मला चौकात भेटला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "तुमी दाढी करून गेले. मी दुकान घेऊन चाललो." मी निषेधाची सभा लावतो म्हणालो. "सभेनं टिन पडते का वरून?" त्याने विचारलं.

टिनं, म्हणजे छपराचे पत्रे, सभेतून पडली नाहीत, पण पडली. आर्णी रोडवर फाट्याजवळ नितीनच्या मामाची जागा होती, तिथे मोहल्ल्यातल्या पोरांनी खांब रोवले. बाबा प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून डाव्या हाताने बोट दाखवत राहिले आणि ओटा घोटून घेतला. "पानी मारा बे, पानी!" हे कोणी उपकार म्हणून केलं नाही. आम्हाला दाढी करायची होती.

आणि गाव? गाव आर्णीला जायला लागलं. हे मी हसू दाबून लिहितो. टॉवेल टाकून आम्हाला जी वाट दाखवत होते तीच त्यांनी धरली. बसमध्ये उभं राहून, डिझेल जाळून, त्या सलूनच्या खुर्चीत बसायचं, जिच्यात आपल्या आधी कोण बसून गेलं हे कोणालाच माहीत नसतं. धर्म राखायला इतक्या लांब जाऊन नेमका तो माहीत नसलेल्या खुर्चीत सोडून येतात. पण केस थांबत नाहीत. सोयाबीनच्या घाईत कोणाला वेळ असतो? पोळ्याच्या आसपास एक जण फाट्यावर थांबला, गाडी बिघडली म्हणून. मग दुसरा, घाई म्हणून. मनं बदलली असं मी म्हणणार नाही. खुंटं टोचायला लागली, एवढंच खरं. दादाराव अजून आर्णीलाच जातात.

यंदाचा एप्रिल. जयंती उद्यावर. सकाळी बाबांना घेऊन फाट्यावर आलो. टिनाखाली ऊन शिजत होतं, नितीनने पोतं ओलं करून बाजूला टांगलं होतं. माय घरून निघताना म्हणाली, "यंदा तुह्या जंगलाचंही पाह्य कोनी." मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

बाबा खुर्चीत बसले. हात गालाकडे गेला नाही. नितीनने पाणी मारलं, ब्रश फिरवला, बोटाने हनुवटी वर केली, आणि बाबांनी डोकं मागे उशीवर टाकून दिलं. मागच्या वर्षी ते टेकलं नव्हतं. गळा पूर्ण उघडा, वर पातं, आणि बाबांचे डोळे मिटत गेले. मी दारात उभा होतो. दार नाहीच आहे तिथे, खांब आहे, पण मी तिथेच उभा राहतो, रस्त्याकडे तोंड करून. कोण येतं, कोण पाहतं. मला अजून बसता येत नाही. टीव्हीवाला माणूस ज्याला आराम म्हणतो तो काय असतो, हे मला तेव्हा दिसलं. आपल्याच गावाच्या शिवेत, दुसऱ्याच्या हातातल्या पात्याखाली, गळा मोकळा टाकून झोप लागणे. माझ्या बापाला त्यासाठी किती आयुष्य लागलं.

ते घोरायला लागले. नितीनने शेवटचा हात मारला, तुरटी फिरवली, टॉवेलने गाल टिपला आणि माझ्याकडे पाहिलं. उठवू? मी मान हलवली. नको.

बाकावर गावातले एक आजोबा बसले होते. वेशीजवळच्या घरातले, मागच्या वर्षापर्यंत आमच्या सावलीला बाजूला सरकणारे. गाल खाजवत, घड्याळ पाहत.

"उठवा नं त्याले," ते म्हणाले. "झाली नं त्याची? माहा नंबर हाय."

टॉवेल बाबांच्या छातीवर होता, श्वासाबरोबर वर-खाली होत होता.

"थांबा जी," मी म्हणालो. "बाबा झोपले हायत."

आजोबा पुटपुटले काहीतरी. मग पाय वर घेऊन नीट मांडी घातली, आणि थांबले.